चौथ्या तीरावरचा कापूस

त्या म्हाताऱ्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तीर खात होता. निदान मला तरी तसंच वाटलं.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. मेहकरकडच्या सपाट काळ्या रानातून उचलून मला जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला, जळगाव जामोदच्याही पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला टाकलं होतं. आदिवासी वस्ती, एकशिक्षकी शाळा. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण शाळेच्या भिंतीवर अजून जुन्या राज्याचाच नकाशा लटकत होता. रुजू झालो त्याच दिवशी मी लाल पेन्सिलीनं त्याच्यावर नवी हद्द ओढली. कुणाला विचारलं नाही. विचारत बसण्याचा माझा स्वभावच नव्हता तेव्हा.

ती लाल पेन्सिल माझ्या खिशात कायम असायची. पोरांच्या पाट्या आणि वह्या तपासण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. एक काना सुटला तरी मी खूण करायचो. त्याला कारण होतं. मी शिकत होतो तेव्हा आमचे गुरुजी माझी पाटी हातात घेत नसत. मी ती जमिनीवर ठेवायची, चार पावलं मागं सरकायचं, मग ते लांबून वाकून बघायचे आणि "बरोबर" म्हणायचे. चुकलेलं असलं तरी बरोबरच. इतक्या लांबून चूक दिसते कुठं? पुढं आमच्या घरानं बुद्धधम्माची दीक्षा घेतली, मी मास्तर झालो, आणि मनाशी पक्कं केलं की आपण प्रत्येक पोराची पाटी हातात घेऊन, मांडीवर ठेवून तपासायची. ती मी तशी तपासली. पण खरं सांगायचं तर त्यात मायेपेक्षा रागच जास्त होता.

तर तो दसऱ्याचा दिवस. त्या वस्तीत दसऱ्याला शाळेमागच्या माळावर मोहाच्या झाडाला एक वाळका भोपळा टांगायचे आणि गडीमाणसं त्याच्यावर तीर मारायची. मीही गेलो. पाहतो तर नेम धरायला कुणी उभंच नाही. सगळे जण आपापल्या तीरांच्या जुड्या घेऊन एका म्हाताऱ्यापुढं बसलेले. म्हातारा एकेक तीर उचलायचा, डोळ्यापुढं आडवा धरून टोकापासून पिसापर्यंत पाहायचा, अंगठ्याच्या नखावर फिरवायचा, मागची खाच नखानं चाचपायचा, आणि मग काडी मधोमध दातांत धरून दोन्ही हातांनी हळूच वाकवायचा. वर बोटानं टिचकी मारायचा.

मला हसू आवरेना. शेजारच्या माणसाला म्हटलं, "काय हो, बाबांले भूक लागली का?"

तो माणूस हसला नाही. घरात ते लोक आपली भाषा बोलत. माझ्याशी बाजाराची वऱ्हाडी. म्हणाला, "बहिरा हाये तो, गुरुजी. तापात कान गेले त्याचे. दातानं आयकते."

"दातानं?"

"हाव. चांगला तीर बोलते. चिरलेला खोकलते."

मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी हातातलं घड्याळ काढलं, दोन्ही कानांत बोटं घातली आणि पट्टा धरून घड्याळ दातांत पकडलं. टिकटिक थेट कवटीत वाजायला लागली. इतकी मोठी की मी दचकून घड्याळ खालीच टाकलं. बी.ए.ला बसायच्या गोष्टी करणारा मी, आणि माझ्याच तोंडात असलेली ही विद्या मला एका निरक्षर माणसानं दाखवली. त्या दिवसापासून त्याला हसायचं मी सोडून दिलं.

कारण काय आहे, तीर सुटताना सरळ जात नाही. हे मला तिथंच कळलं. सुटण्याच्या क्षणी काडी साप वळवळावा तशी वाकते आणि मग सरळ होते. बांबूत केसाएवढी चीर असली तर त्या वाकण्यातच ती उघडते, आणि तुटलेलं टोक कमठा, म्हणजे धनुष्य, धरलेल्या डाव्या हातात घुसतं. ज्यानं मला "दातानं आयकते" म्हणून सांगितलं, त्याचाच डावा अंगठा तळहाताला वाकून चिकटलेला होता. रानडुकराच्या मागं घाईत धावला आणि न दाखवलेला तीर लावला, एवढंच झालं होतं. आता त्याला औताची मूठ नीट धरता येत नव्हती. बिडी पेटवायला तो काडेपेटी गुडघ्यांत पकडायचा.

त्या दसऱ्याला म्हाताऱ्यानं पाच-सहा तीर नापास केले. नापास म्हणजे काय, जागच्या जागी काड्कन मोडायचा आणि दोन्ही तुकडे ज्याचे त्याला परत. ते त्यानं आपल्याच चुलीत घालायचे, वाटेत टाकायचे नाहीत. चुकून कुणी उचलला तर? कुणी हुज्जत घातली नाही. माझ्या वर्गात अर्धा गुण कापला तरी पोरं आठवडाभर तोंड फुगवून बसायची.

पण खरी गंमत पुढं होती. सगळ्यांचे तीर झाले, तसे म्हाताऱ्यानं स्वतःचे पाच तीर काढले. ते मात्र त्यानं पाहिले नाहीत. मागं बसलेल्या बायकोकडं दिले आणि स्वतः डोंगराकडं तोंड करून बसला. म्हातारी हाडकुळी, कपाळभर गोंदण. तिनं कनवटीतून कापसाचा एक पेळू काढला आणि प्रत्येक काडीवरून अलगद फिरवला. कुठं अडकला नाही. तिनं नवऱ्याच्या पाठीला कोपर मारलं, तेव्हा कुठं तो वळला. मग तो उठला आणि पहिला तीर मारला. पहिला तीर त्याचाच, त्याच्याआधी कुणी कमठ्याला हात लावायचा नाही.

मी म्हातारीला विचारलं, "यांले एवढं समजते, मंग सोताचे तीर काऊन नाही पाहत?"

ती म्हणाली, "आपला तीर आपून नाई पाहत जी. आपला असला का डोया माफ करून टाकते."

मी मोठ्या तोऱ्यात मान हलवली. रात्री आठवलं, की मागच्याच आठवड्यात वरच्या साहेबांना लिहिलेल्या अर्जात मी स्वतःच्याच शाळेचं नाव चुकवलं होतं आणि तीनदा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं.

पुढच्या श्रावणात ती म्हातारी गेली. नदीला पाणी होतं, दवाखाना लांब, आणि ताप चार दिवसांत घेऊन गेला. मी माती द्यायला गेलो होतो. म्हातारा रडला नाही; नुसता सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत होता, कोण काय बोलतंय ते ओठांवरून वाचल्यासारखा.

दसऱ्याला तीन-चार दिवस उरले असताना तो शाळेत आला. पोरं पाढे म्हणत होती. तो सरळ आत येऊन माझ्या टेबलाजवळ उभा राहिला आणि मी वह्या तपासत होतो ते बराच वेळ पाहत राहिला. लाल पेन्सिल वर-खाली जाते तशी त्याची मान वर-खाली होत होती. मग त्यानं धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले पाच तीर वह्यांवर ठेवले. त्यांच्यावर तो पेळू. तिचाच.

बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाला, "समद्याइचं तुमीच तपासता ना जी. माहे बी तपासा."

मी हातानं नाही नाही म्हणून दाखवलं. मला त्यातलं काय कळतं? वस्तीत एवढी जाणती माणसं आहेत. मी दाराबाहेर बोट दाखवलं.

त्यानं मान हलवली. "ते मले भेतात. माहा तीर कोनी मोडनार नाई. तुमी नाई भेत." आणि माझ्या लाल पेन्सिलीकडं बोट दाखवून पहिल्यांदाच हसला.

माझं काय झालं ते मी सरळ सांगतो. ज्याची पाटी कुणी हातात घेतली नाही त्याच्या हातात एका माणसानं आपला डावा हात आणून ठेवला होता. कारण तेच होतं ते. मी पास म्हटलं की तो कमठा ओढणार; माझं चुकलं की त्याचा अंगठा जाणार. पोरं पाढे म्हणायची थांबली होती. मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी ते तीर घेतले.

जाता जाता त्यानं एक तीर वेगळा करून दाखवला. पिसं काडीला लाल दोऱ्यानं बांधलेली असत. म्हातारी बांधायची. या तीरावर तिचा लाल दोरा संपला होता, आणि शेवटचे दोन वेढे पांढऱ्या दोऱ्याचे होते. "हा आखरीचा," तो म्हणाला. "हा बांधला, अन् दुसऱ्या दिशी आंग गरम."

त्या दोन दिवसांत मी जेवढा अभ्यास केला तेवढा ट्रेनिंग कॉलेजातही केला नव्हता. शाळा सुटली की दार लावून बसायचो. आधी डोळा, मग नख, मग खाच, मग दात. सुरुवातीला सगळेच तीर मला सारखे वाजायचे. मी बांबूची एक काडी मुद्दाम चिरली आणि चांगल्या काडीशी ताडून पाहिली. दहा वेळा, वीस वेळा, तोंडात लाळ येईपर्यंत. आणि मग एकदम ऐकू आलं. चांगली काडी दातांतून कपाळापर्यंत एकसलग जाते. चिरलेली मधेच कुठंतरी बसते, घसा बसल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं हसलो. सामान्य बांबूच्या काडीत एवढं सगळं असतं, आणि ते ऐकणारी माणसं माझ्या शाळेमागं राहतात, कागदावर सही म्हणून फुली मारतात. मला माझ्या लाल पेन्सिलीची थोडी लाजच वाटली.

तीन तीर चांगले निघाले. पाचवाही चांगला. चौथा तो होता, पांढऱ्या वेढ्यांचा.

पेळू त्याच्यावरून सरकत गेला आणि दोऱ्याच्या अगदी खाली, पेराजवळ, कापसाचा एक तंतू मागं राहिला. मी फुंकर मारली. तंतू हलला, पण सुटला नाही. नख फिरवलं, लागल्यासारखं वाटलं, पुन्हा फिरवलं तर नाही. दातांत धरला. वाजला, पण मला वाटलं की किंचित बसका. मग वाटलं, पेर आहे, पेराजवळ असंच वाजत असेल. मग वाटलं, मी कालचा शिकलेला, मला काय एवढं कळतं. पेळूच जुना आहे, कशालाही अडकतो.

हे सगळं मी स्वतःला का सांगत होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. हा तीर मोडायचा म्हणजे तिनं शेवटचं बांधलेलं काम मोडायचं. आणि दोन तुकडे करून त्याच्याच हातात द्यायचे, त्याच्याच चुलीत घालायला. एका कान्यासाठी पोरांना रडवणारा मी, माझा हात उठला नाही. तो तंतू मी चिमटीनं काढून टाकला आणि पाचही तीर फडक्यात बांधून ठेवले.

दसऱ्याला त्यानं आधी सगळ्यांचे तीर पाहिले. चार मोडले. मग माझ्याकडं वळला. मी फडकं पुढं केलं आणि मान हलवली, सगळे बरोबर. लांबून वाकून "बरोबर" म्हणणारे माझे गुरुजी मला त्या क्षणी आठवले नाहीत, ते नंतर आठवले.

म्हातारा उठला. माणसं दोन्ही बाजूंना सरकली. त्यानं फडकं सोडलं, पाच तीरांवरून हात फिरवला आणि जो काढला त्याच्यावर दोन पांढरे वेढे होते. तोच काढणार होता तो. पहिला तीर तिचा, हे मला आधीच कळायला हवं होतं.

नेमकं तेव्हाच माझ्या बाजूला काडेपेटी खडखडली. तो वाकड्या अंगठ्याचा माणूस गुडघ्यांत काडेपेटी धरून बिडी पेटवत होता.

मी ओरडलो. "बाबा, थांबा! सोडू नका!" सगळा माळ माझ्याकडं वळला, एक सोडून. ज्याला सांगायचं त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं कमठा उचलला, बांबूचीच दोरी कानापर्यंत ओढायला घेतली. मागून जाऊन खांद्याला हात लावला तर दचकून तीर सुटणार. मग एकच जागा उरली होती. मी पळत सुटलो आणि त्याच्या आणि भोपळ्याच्या मधे जाऊन दोन्ही हात वर करून उभा राहिलो. धीट म्हणून नाही. दुसरं काही सुचलंच नाही. तिराचं टोक माझ्या छातीकडं होतं.

त्यानं मला पाहिलं. दोरी जितक्या सावकाश ओढली होती तितक्याच सावकाश परत आणली. एकही बोट घसरलं नाही. मग तो चालत माझ्यापर्यंत आला.

मी तीर मागून घेतला, दोऱ्याखालच्या पेरावर बोट ठेवलं आणि स्वतःच्या छातीवर हात मारला. माझी चूक. मला दिसलं होतं. म्हाताऱ्यानं तीर घेतला, दातांत धरला, वाकवला. त्याचे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा तो म्हणाला, "खोकलते."

मी होकारार्थी मान हलवली.

"तुमाले आयकू आलतं?"

मी परत मान हलवली. साऱ्या वस्तीसमोर. पोरंही होती माझी, पुढंच उभी.

"मंग काऊन सोडला?"

हे मी कसं सांगणार होतो? मी पांढऱ्या दोऱ्यावर बोट ठेवलं, आणि मग कपाळावर, तिचं गोंदण होतं तिथं. त्याला समजलं. तो खाली बसला आणि त्यानं दोऱ्याचं टोक नखानं उचकटलं. आधी पांढरे वेढे, मग लाल, सगळे एकेक करून सोडवले आणि आपल्या बोटावर गुंडाळले. पिसं फुंकून पागोट्यात खोचली. उरलेली नागडी काडी गुडघ्यावर मोडली.

"काडी चिरली ना जी," तो म्हणाला. "दोरा कुठं चिरला? पीस कुठं चिरलं? नव्या काडीले लागते."

एवढं साधं होतं ते. पिसं आणि दोरा दरवर्षी असेच जुन्या काडीवरून नव्या काडीवर जायचे, सगळ्या वस्तीला ते ठाऊक होतं, आणि मी मात्र तिची आठवण वाचवायला त्याचा हात तोडायला निघालो होतो.

मला एक गोष्ट राहून राहून छळत होती. ती मी खुणांनीच विचारली. त्याच्या दातांकडं बोट केलं, मग तिराच्या तुकड्यांकडं. शंभर तीरांत एक खोकला ओळखणारा माणूस तू. आत्ता फडकं सोडून हातात घेतले, एकदा तरी दाताला लावून पाहायचं होतंस.

त्याला माझा प्रश्नच कळला नाही असा त्याचा चेहरा झाला. म्हणाला, "मी काऊन पाहू? तुमी पाह्यले व्हते ना."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी पाहिले होते, म्हणजे पाहून झाले होते. बस्स. आजवर माझ्यावर कुणीच इतका पुरता विसंबला नव्हता, माझे वडीलसुद्धा नाहीत. मला वाटलं, आता उरलेले चार तो दुसऱ्या कुणाला दाखवील. दाखवायलाच हवेत. मी बाजूला सरकलो.

त्यानं ते चार तीर माझ्यापुढं धरले. वर तो पेळू ठेवला. आणि वस्तीची सगळी माणसं, माझी पोरं, झाडाला टांगलेला भोपळा, सगळ्यांना ताटकळत ठेवून तो डोंगराकडं तोंड करून बसला.

मी मातीतच मांडी घातली. डोळा, नख, खाच, कापूस, दात. एकेक तीर दोनदा. पहिला बोलला. दुसरा बोलला. तिसरा वाकवताना मला वाटलं की कुठंतरी बसतोय. खात्री नव्हती, पण या वेळी खात्रीची वाट पाहिली नाही. त्याची पिसं सोडवली, काडी मोडली आणि तुकडे बाजूला ठेवले. चौथा बोलला. मग तिच्यासारखंच मी त्याच्या पाठीला कोपर लावलं.

तो वळला. मोडलेल्या तुकड्यांकडं त्यानं पाहिलंही नाही. उरलेल्या तिनांतला एक उचलला आणि ना डोळ्यापुढं धरला, ना नखावर फिरवला, तसाच कमठ्याला लावला.

तीर भोपळ्याला लागला की नाही ते मला सांगता येणार नाही. लोक ओरडले तेवढं ऐकलं. मी त्याच्या डाव्या अंगठ्याकडं पाहत होतो.